वडी नेमकी कुणाची

"पोर जेवत नाय असं गावात कुणापाशी बोलायचं नाय," चौक गावी लेकीकडे निघताना इंदूबाईंनी सुनेला बजावलं. "मी येईस्तवर तोंडाला कुलूप घाल. मग आपण बघू."

सुप्रियाने मान डोलावली आणि मनातल्या मनात हसली. दृष्ट, नजर, तीट, काळा दोरा. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सी झालेल्या मुलीने यावर वाद तरी काय घालायचा? सासूबाई रिक्षात बसल्या, रिक्षा वळणाआड गेली, आणि दुपारी शेजारच्या छायाकाकींनी कुंपणावरून "लडकू काय खाल्लान आज?" असं साधंसं विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "काही नाही हो काकी. काहीच खात नाही तो."

इंदूबाईंना नजरेची धास्ती नव्हतीच. त्यांना धास्ती होती ती डब्यांची. पण हे सुप्रियाला कळायला संध्याकाळ व्हावी लागली.

लडकूचं कागदोपत्री नाव ईशान. ते नाव सुप्रियाने फार शोधून, अर्थ बघून ठेवलं होतं. पण बारशालाच कुणीतरी पोराचे कान पणजोबांसारखे आहेत असं म्हणालं, पणजोबांचं नाव लडकू, आणि तेव्हापासून ईशान फक्त लसीकरणाच्या कार्डावर उरला. आता दीड वर्षाचा हा लडकू गेले काही आठवडे अन्नाकडे पाठ फिरवून बसला होता. वरणभात आला की ओठ घट्ट. खीर आली की मान डावीकडे. शिरा आला की मान उजवीकडे. सुप्रियाने बॅटरी लावून त्याचा घसा पाहिला, जीभ पाहिली, नखं पाहिली, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. नवऱ्याने, संतोषने, खोपोलीची कंपनी सुटल्यावर शिळफाट्याला थांबून, डब्यावर हसरं बाळ असलेली महागाची पावडर आणली. लडकूने त्या बाळाकडे पाहून टाळ्या वाजवल्या आणि पावडरीचं दूध सांडून टाकलं.

अंगणवाडीच्या सुरेखाताईंनी मागच्या खेपेला वजन केलं तेव्हा आकडा तक्त्यावरच्या पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यात आला होता. पुढच्या वजनाला वाढ दिसली नाही, तर मोठ्या दवाखान्यात दाखवून सगळ्या तपासण्या करायच्या, असं त्या म्हणाल्या. हे ऐकून कल्याणहून सुप्रियाच्या आईचा फोन आला. तसं झालं तर मी येऊन दोघांनाही घेऊन जाते, तिथे खेड्यात काय मिळतं खायला, हे तिचं म्हणणं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या काही दिवसांत सविस्तर मिळायचं होतं.

पहिला डबा छायाकाकींचाच. कडव्या वालाचं कढण, वर तुपाची तार. आमची दोन्ही पोरं यावर वाढली, गरम असतानाच पाज, असं सांगून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरच्या हवाबींचा डबा आला. हवाबींचं किराणा दुकान, मुलगा झहीर टेंपो चालवतो. छायाकाकी त्यांच्याकडे उदबत्ती आणायला गेल्या होत्या, एवढं कारण पुरलं. डब्यात तांदळाच्या रव्याची वाफवलेली सांदणं होती, नारळाच्या रसात भिजलेली, आणि निरोप होता की थंड झाल्यावरच भरव. दुपारी सुरेखाताई नाचणीचं सत्त्व घेऊन आल्या. ते रिकाम्या पोटी द्यायचं. छायाकाकींच्या मते रिकाम्या पोटी काहीच द्यायचं नव्हतं. त्यांच्या मते सांदणाने पोराला सर्दी होते. हवाबींच्या मते वालाने पोटात वारा धरतो. सुरेखाताईंच्या मते दोन्ही उत्तम, पण सत्त्वानंतर. लडकूने मात्र कुणाचाच पक्ष घेतला नाही. तो सगळ्यांपुढे सारखाच तोंड मिटून बसला.

वाढायचं होतं लडकूचं वजन, ताणायला लागली संतोषच्या शर्टाची बटणं.

खरी अडचण पुढे होती. या गावात डबा रिकामा परत देत नाहीत. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण हिंदूच्या घरात असो की मुसलमानाच्या, भांडं भरून आलं की भरूनच जातं. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. सुप्रियाने सुरुवात साखरेनेच केली. मग ती साखर आणायला हवाबींच्या दुकानात इतक्या वेळा गेली, की हवाबींनी पुडी बांधता बांधता तिला जवळ बोलावून हलकेच सांगितलं, "सुप्रिया, बाय, इतकी साखर नको गं देऊस पोराला. भूक मरते ती त्यानंच."

म्हणजे आता काहीतरी करून द्यायला हवं होतं. आणि करणार कधी? सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती वाटी-चमचा घेऊन लडकूच्या मागे अंगणभर फिरत असे. शेवटी एका सकाळी ओट्यावरच्या भरल्या डब्यांकडे बघता बघता तिला सुचलं. हवाबींची सांदणं छायाकाकींच्या डब्यात. छायाकाकींचं कढण हवाबींच्या डब्यात. सुरेखाताईंच्या सत्त्वाची वाटी आणखी कुठे. कॉलेजात शिकलेलं नायट्रोजनचं चक्र अखेर कुठेतरी उपयोगी पडतंय, असं तिला वाटलं.

चक्र इतकं सुरेख फिरलं, की तिला बढाई मारायचा मोह होऊ लागला. छायाकाकी कुंपणाशी येऊन सांगून गेल्या की सांदण अगदी कापसासारखं झालं होतं. "खरं सांगू का, हवाबी एवढं करते, पण तिच्याही हाताला ही चव नाय." दुकानात हवाबींनी कढणाची तारीफ केली आणि आवाज खाली घेऊन पुस्ती जोडली, की छायाचं कढण जरा पाणचट असतं, सांगायचं नाही तिला. सुप्रिया खाली मान घालून दोन्हीकडे "कसचं कसचं" म्हणाली. इंदूबाईंची शहरी सून सुगरण निघाली, अशी वार्ता कालव्यापर्यंत गेली.

मग तो गुरुवार आला. संतोषला पहिली पाळी होती आणि तो दारात गाडी चालू ठेवून डबा मागत होता. झहीरचा टेंपो नाक्यावर हॉर्न देत होता, कारण त्याच्या हाती हवाबींचा डबा जायचा होता. अंगणवाडीचीही वेळ होत आली होती. सुप्रियाने फतकल मारून सगळे डबे भोवती उघडले, यातलं त्यात, त्यातलं यात केलं, आणि जे कुठेच मावेना ते एका ताटात उपडं केलं. डबे रवाना करून ती आत आली, तर लडकू ताटाशेजारी बसला होता. त्याने दोन्ही हातांनी एक वडी धरली होती.

वडी म्हणजे कौलाचा तुकडा. काळपट तांबडी, वासाने नाचणीची, जाड, कडेला धार. सुप्रिया ओरडलीच आणि झडप घालून तिने ती हिसकावली, कारण घशात अडकलं तर? लडकूने असा टाहो फोडला की छायाकाकींच्या कोंबड्या उडाल्या. तिने वडीचा तुकडा पाडायला घेतला. पडेना. सुरी लावली, सुरी घसरली. स्वतःच्या दातांनी प्रयत्न केला, दात मागे सरले. जिचा कणही तुटत नाही ती घशात अडकणार तरी कशी, असा शास्त्रशुद्ध विचार करून, आणि तरीही एक बोट तयारीत ठेवून, तिने वडी परत दिली.

लडकूने ती तोंडाच्या कोपऱ्यात सरकवली आणि डोळे मिटले. मग तो चघळत राहिला. चाटत राहिला. घासत राहिला. इतकी तल्लीनता सुप्रियाने भजनातल्या माणसांच्या चेहऱ्यावरही पाहिली नव्हती. चहाच्या वेळेला वडी अर्धी झाली होती. "अजू," तो म्हणाला. गेल्या कित्येक दिवसांत त्याने खाण्याच्या बाबतीत हा शब्द उच्चारला नव्हता. दिवेलागणीला त्याने मऊ भाताचे चार घासही मुकाट्याने गिळले, आणि सुप्रिया स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुण्याच्या निमित्ताने थोडीशी रडली.

तोंड पुसता पुसता तिला प्रश्न पडला. वडी पाठवली कुणी?

ताटात आणखी दोन वड्या होत्या. त्या कुठल्या डब्यातून पडल्या, हे आठवायचा तिने खूप प्रयत्न केला. पण सकाळी हात चालत होते, डोकं नव्हे. आणि सरळ विचारायचं म्हणजे पंचाईत. "तुमच्या डब्यात काय काय होतं?" असं विचारणारी बाई डबा न बघताच पुढे ढकलते, हे उघड होणार. एकदा ते सुरू झालं की सांदण कुणाचं, कढण कुणाचं, सगळंच बाहेर येणार. तरी विचारायला हवं होतं. वजन सोमवारी होतं.

छायाकाकी दोरीवर चादर घालत होत्या.

"काकी," सुप्रिया शक्य तितक्या सहज म्हणाली, "नाचणीची वडी फार छान झाली होती हो."

काकींचा हात चादरीवरच थांबला. "कोण बोललं?"

"लडकूने खाल्ली."

"खाल्लान? कशानं?"

"दातांनी."

काकींनी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. बराच वेळ शोधला. सापडला नाही, तेव्हा त्यांनी चादर झटकली आणि म्हणाल्या, "हां मग. मीच केलेली ती. आमच्यात आजेसासूपास्नं करतात."

सुप्रियाने सुटकेचा श्वास सोडला. पण सवय वाईट. ती प्रत्येक गोष्ट दोनदा पडताळून पाहणारी बाई, नाक्यावर गेली तेव्हा तिने हवाबींनाही विचारलं. हवाबींचा तराजू तसाच लोंबकळत राहिला. "ती? ती काळी?" आणि मग थोडं थांबून, "माझीच ती, बाय. माझ्या सासूकडून शिकले." अंगणवाडीत सुरेखाताई म्हणाल्या की ती पोषण पंधरवड्यातली पाककृती आहे, त्यात प्रमाण ठरलेलं असतं, कुणालाही जमत नाही. चक्रावून सुप्रियाने चौकला फोन लावला. पलीकडे इंदूबाईंनी आधी वडीचा रंग विचारून घेतला. मग त्या म्हणाल्या की निघण्याआधी वरच्या फळीवरच्या डब्यात वड्या ठेवल्या होत्या, त्याच असणार. आपण स्वतः केलेल्या.

सुप्रिया स्टुलावर चढली. वरच्या फळीवर डबा होता. डब्यात वड्या होत्या. तशाच, कौलासारख्या.

आता तिची काळजी मागे पडली आणि कुतूहल पुढे आलं. एक वडी, चार सुगरणी. प्रयोगशाळेत असं झालं की एकच उपाय असतो: पुन्हा करून बघायचं. तिने चौघींनाही गळ घातली, की लडकूसाठी पुन्हा थोड्या कराल का? कुणीच नाही म्हणालं नाही.

इंदूबाई अजून चौकलाच होत्या, पण शनिवारी बाकीच्या तिन्ही घरांतून वड्या आल्या. छायाकाकींच्या वडीत खोबरं आणि वेलची होती, ती बोटांत धरली की वाकत होती. हवाबींच्या वडीवर खसखस आणि चारोळी. सुरेखाताईंच्या वडीत शेंगदाण्याचं कूट, आणि चांदणीचा आकार. तिन्ही तोंडात विरघळणाऱ्या. लडकूने पहिली जिभेवर घेऊन परत दिली, दुसरी मांजरीला दाखवली, तिसरी अंगणात भिरकावली. मग त्याने फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्यात आता एकच उरली होती.

निकाल सांगायला ती कुंपणाशी गेली, तेव्हा छायाकाकींचा चेहरा पडला. आपली वडी लग्नाच्या रुखवतात मागून नेतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"तसं नाही काकी, ही फारच छान आहे," सुप्रिया अजिजीने म्हणाली. "पण ती जरा घट्ट होती."

"घट्ट."

"जरा जास्तच. आणि काळी."

"म्हंजे जळकी?"

"हो. तशीच."

एखाद्या गवयाला मुद्दाम बेसूर गायला सांगावं, तसं काकींनी तिच्याकडे पाहिलं. "बघते," म्हणाल्या.

शेवटची वडी शनिवारीच संपली. त्या संध्याकाळी लडकूचे ओठ पुन्हा मिटले ते मिटलेच. रविवारी सकाळी सुप्रिया त्याला कडेवर घेऊन बाहेरच्या ओट्यावर उभी होती, तेव्हा तिला छायाकाकी पदराखाली डबा झाकून लगबगीने जाताना दिसल्या. कुठे निघालात, या प्रश्नाला त्यांनी शेतावर असं उत्तर दिलं. त्यांचं शेत डावीकडे होतं. त्या उजवीकडे वळल्या, कालव्याच्या दिशेने.

सुप्रियाने पायात चपला सरकवल्या.

कालव्यावरच्या फळीपुलापाशी झहीरचा टेंपो उभा होता आणि त्यातून हवाबी सांभाळून उतरत होत्या. थोडं पुढे, चिंचेखाली सुरेखाताईंची स्कूटी होती. आणि सुप्रिया पूल ओलांडते न ओलांडते तोच मागून रिक्षा आली. रिक्षातून इंदूबाई उतरल्या. पिशवी हातात, घरी पाऊलही न टाकता, थेट. सुनेला पाहून त्या म्हणाल्या, "तू हितं काय करतेस?" आणि सुप्रिया म्हणाली, "तुम्ही?" मग दोघीही एकाच फाटकातून आत शिरल्या.

आत सदूकाकांचं घर होतं. सदूकाका म्हणजे भिवपुरीच्या वीजघरात सारी नोकरी काढून निवृत्त झालेले वायरमन. नोकरीत असताना क्वार्टरला राहिले, मग इथे दोन खोल्या बांधल्या. मागच्या वर्षी बायको गेली. मुलगी लांब नाशिकला. गावातला कुठलाही पंखा ते बघताक्षणी दुरुस्त करत, पण गॅससमोर त्यांचा निभाव लागत नसे. त्यांना आलटून पालटून चार घरचं जेवण जाई, हे सुप्रियाला ठाऊक होतं; घरचा डबा इंदूबाईच नेत. ते डबे परत काय घेऊन येतात, याचा विचार तिने कधी केला नव्हता.

आत्ता ते पडवीत बनियनवर बसले होते. पुढ्यात स्टोव्ह, त्यावर कढई, कढईतून धूर. भोवती चार डबे आणि चार बायका. हवाबी सांगत होत्या की दुकानातला पंखा आवाज करतो. सुरेखाताई म्हणत होत्या की सर्वेक्षण आहे. छायाकाकींना कढीपत्ता हवा होता. इंदूबाईंनी आल्या आल्या, इकडून चालले होते म्हणून डोकावले, असं सांगितलं.

सदूकाकांनी कढईतला झारा काढला. झाऱ्याबरोबर कढईही थोडी उचलली गेली.

"मला एक कळत नाय," ते म्हणाले. "कालपास्नं या तिघी आळीपाळीनं येतायत, आन आता वयनी तुमी पण. वड्या हाय का, वड्या करा. आजपर्यंत कुणी मागितली नाय. मला तर वाटत व्हतं, कुणी खातच नाय."

"असं कसं भाऊजी," इंदूबाई म्हणाल्या.

"मी पायलंय ना वयनी. छायाच्या अंगणात कोंबड्यांपुढं टाकलेली एक. कोंबड्यांनी पण नाय खाल्ली."

छायाकाकी एकदम कढीपत्त्याच्या झाडाकडे बघायला लागल्या. सदूकाका मात्र रागावलेले नव्हते. पंख्यात काय बिघाड आहे हे सांगावं, तशा आवाजात ते सांगत होते. पाक दर वेळी पुढे जातो. कधी थांबवायचा ते कळत नाही. पण घरातून भांडं रिकामं गेलेलं बायकोला कधी चाललं नाही, आणि मला एवढी एकच गोष्ट करता येते. म्हणून करतो. आता तुम्ही त्याचं पुढं काय करता, ते मी कसं विचारणार?

सुप्रिया एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. चौघींच्याही घरी ही वडी जात होती, चौघींनाही ती फोडता येत नव्हती, टाकवतही नव्हती. आणि मग लडकू जेवत नाही अशी खबर आली, तेव्हा तिघींनी आपापल्या पदार्थाबरोबर कोपऱ्यात दोन दोन वड्या सरकवून दिल्या होत्या. इंदूबाईंनी तर त्याआधीच, घरातल्या घरात, वरच्या फळीवर. फिरतं चक्र काही सुप्रियाने शोधून काढलेलं नव्हतं. ती त्यात उशिरा सामील झाली होती, एवढंच.

तेवढ्यात लडकू कडेवरून घसरला. ताटात थापलेल्या वड्यांपाशी गेला, एक उचलली, उंबऱ्यावर बसला आणि तोंडाच्या कोपऱ्यात सरकवून डोळे मिटले. कट्, कट्, कट् एवढाच आवाज.

"दगड चावतंय गं पोर," इंदूबाई पुटपुटल्या.

चावतंय, हा शब्द कानावर पडला तशी सुप्रिया खाली वाकली. वडीचा कण निघालाय का हे बघायला तिने त्याच्या तोंडात बोट घातलं, पार मागे, आणि लडकूने कडकडून चावा घेतला. ती कळवळून ओरडली. मग ओरडता ओरडता थांबली, कारण बोटाला काहीतरी टोचलं होतं. सुजलेल्या हिरडीतून वर आलेलं टोक. दुसऱ्या बाजूलाही तसंच. दाढा. घसा, जीभ, नखं, पापण्या, सगळं तपासून झालं होतं. बॅटरीचा उजेड तेवढा गालाच्या आत वळला नव्हता. ऊन ऊन कढण आणि नारळाचा रस त्या ठणकणाऱ्या हिरड्यांना नको होता. त्यांना हवं होतं काहीतरी दगडासारखं. आणि असं दगडासारखं अख्ख्या तालुक्यात एकच माणूस बनवत होता.

मग सगळं बाहेर आलं. आधी वड्यांचं, मग ओघाने सांदणाचं आणि कढणाचं. "कापसासारखं?" हवाबींनी छायाकाकींना विचारलं. "पाणचट?" छायाकाकींनी हवाबींना विचारलं. दोघी थोडा वेळ एकमेकींशी अबोला धरून बसल्या. पण अबोल्यात बसायला पडवी फार लहान होती, आणि सदूकाका सगळ्यांसाठी चहा टाकायला उठले, तेव्हा दोघीही एकाच वेळी त्यांच्या हातातलं पातेलं काढून घ्यायला धावल्या.

सोमवारी आकडा पिवळ्या पट्ट्यातून वर सरकला. थोडासाच. पण सुरेखाताईंनी तो दोनदा पाहिला आणि सुप्रियाने चारदा. कल्याणच्या आईला फोन गेला. पोराने काय खाल्लं, या प्रश्नाला सुप्रियाने नाचणी असं मोघम उत्तर दिलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण आपली वडी कुणालातरी आवडते हे कळल्यावर सदूकाकांना हुरूप आला. त्यांनी मनावर घेतलं. फोनवर व्हिडिओ बघून त्यांनी पाकाची परीक्षा शिकून घेतली, आणि पुढच्या आठवड्यात त्यांची वडी चक्क मऊ झाली. वेलची घातलेली, कडा गोलसर. गावाने पहिल्यांदाच ती चवीने खाल्ली. लडकूने ती मांजरीला दाखवली.

त्या दिवशी कुंपणाशी चौघींची बैठक झाली. सदूकाकांना कुणीही स्वयंपाकातलं काही शिकवायचं नाही, असं ठरलं. इंदूबाई जाऊन गंभीरपणे सांगून आल्या, की भाऊजी, ती व्हिडिओची वडी राहू द्या, तुमची पहिली पद्धतच खरी. सदूकाका संकोचले, खूश झाले आणि त्यांनी पाक पुन्हा पुढे जाऊ दिला.

दाढा यथावकाश आल्या. लडकू आता सगळं खातो. वरणभात खातो, कढण पितो, सांदणाचा रस कोपरापर्यंत ओघळवतो, आणि कुणी बघत नसलं तर मांजरीच्या वाटीतलंही खातो. वडीची त्याला गरज उरलेली नाही. पण हे सदूकाकांना कुणी सांगितलेलं नाही. रोज कुणीतरी पूल ओलांडून जातं, डबा देतं, "आज केल्या का?" असं विचारतं. आणि असं कुणी तिथे गेलं की निदान त्यांच्या ताटात काय आहे ते तरी दिसतं. कारण एक गोष्ट सुप्रियाच्या फार उशिरा लक्षात आली: सदूकाकांना कवळी आहे. त्यांना स्वतःची वडी खाता येत नाही. दिवसभर ते दुसऱ्यांसाठी कढईपुढे बसतात आणि स्वतः काय खातात, हे विचारलं की म्हणतात, "खाल्लं ना. मघाशीच." लडकूही असाच ओठ मिटून बसायचा. सुप्रियाला तो चेहरा ओळखता येतो.

सध्या मात्र ती भावाच्या लग्नासाठी कल्याणला आहे. संतोष, लडकू आणि इंदूबाईही सोबत आहेत. हवाबी झहीरबरोबर नातेवाइकांकडे गेल्या आहेत, सुरेखाताई प्रशिक्षणाला, आणि छायाकाकींना ताप आहे असं कळतं. सदूकाकांचा फोन काल वाजत राहिला, आज वाजतही नाही. चार्जिंग संपलं असेल, असं संतोष म्हणतो. असेलही. वायरमन माणूस, पण स्वतःचा फोन चार्जिंगला लावायचं विसरतो.

तेव्हा सुप्रियाचं तुमच्याकडे एक काम आहे. भिवपुरीच्या बाजूला तुमचं जाणं होत असेल, तर जरा वाट वाकडी करा. कालव्यावरचा फळीपूल ओलांडा, चिंचेच्या पुढचं फाटक ढकला आणि हाक मारा. ते वडी देतील. घ्या, नको म्हणू नका, आणि त्यांच्या देखत चावायला जाऊ नका. मघाशीच खाल्लं असं म्हणतील, त्यावर विश्वास ठेवू नका. आत जाऊन पातेल्याचं झाकण उचलून बघा, आणि काय दिसतं ते तिला आजच कळवा.